कलम ५२ आणि माझी शेवरले

पन्नाशी ओलांडली की माणसाला एखादं खूळ लागतं. कुणी गड चढू लागतो, कुणी बासरी आणतो. मला अमेरिकन पिकअप हवीशी झाली. तीही १९४७ साली बाजारात आलेली, फुगीर मडगार्डांची शेवरले ३१००. वरून जुनी, आतून नवी. तिकडचे हौशी लोक अशा गाडीचा सांगाडा घासूनपुसून घेतात. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन काढून आठ सिलिंडरांचं बसवतात. ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, सहा व्होल्टांऐवजी बारा व्होल्टांचं वायरिंग, आणि कुणाला दिसणार नाही असा एसी. एवढं झाल्यावर हौद्यात पॉलिश केलेल्या लाकडी पट्ट्या बसतात आणि मग त्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा कुणाला ठेवू देत नाहीत.

तळेगावात असं खूळ लपत नाही. आमच्या सोसायटीत ब्रेक, गिअर, सीट, वायरिंग अशा सगळ्या खात्यांचे तज्ज्ञ संध्याकाळी बनियनवर उपलब्ध असतात. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलेला वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, इंजिन बोलेरोचं टाका. पार्ट कुठंही मिळतो." दुसऱ्यानं पाटे बदलायला सांगितले, तिसऱ्यानं पॉवर स्टिअरिंग. सोमाटणे फाट्याच्या फिटरनं मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "मस्त आहे, साहेब. डिझेल करून घ्या. हौद्याला जाळी मारा, म्हणजे भाड्यानं लावता येईल."

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "स्टिअरिंग डावीकडे ना? म्हणजे भाजी घ्यायला मी रस्त्याच्या मधोमध उतरायचं."

मग आरटीओचा एजंट गाठला. तो या सगळ्यांहून अभ्यासू निघाला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं. माझा चेहरा खुलला. "पण," तो म्हणाला, "चासी, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे. आणि फिरवायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, फार तर पेट्रोल भरायला." इंजिन बदललं की विंटेज संपलं. विंटेज नको म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये बजावलंय. शिवाय जाता जाता त्यानं विचारलं, "पिकअप म्हणजे मालवाहू की प्रवासी?"

थोडक्यात, गाडी जुनी ठेवली तर सोसायटी हसणार, नवी केली तर आरटीओ धरणार.

तसं शेवरलेचं आणि महाराष्ट्राचं कधी धड जमलंच नाही. शेवरलेची मालक जनरल मोटर्स १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला बसली, १९५४मध्ये उठून गेली. पुन्हा आली ती थेट आमच्या दारात. २००८मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. पण अमेरिकेचं नाव मिरवत त्यानं काढल्या स्पार्क आणि बीट! पिकअपच्या हौद्यात मावतील अशा. २०१७च्या अखेरीस देशातली विक्री थांबली, डिसेंबर २०२०मध्ये उत्पादनही. चीनची ग्रेट वॉल कंपनी तो घ्यायला आली. करार २०२०चा, पण परवानग्यांची वाट पाहून २०२२मध्ये तो मोडला. लग्न ठरलेल्या मुलीसारखा कारखाना मधली वर्षं नुसता बसून. शेवटी २०२३मध्ये ह्युंदाईनं करार केला आणि २०२५मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या.

आता पाहा. सांगाडा अमेरिकन, इंजिन कोरियन, कामगार मावळातले आणि साऱ्या देशातले, फाटकावर नवी पाटी. सगळ्यांनी माझ्या पिकअपचं जे जे करायला सांगितलं, ते ते सगळं या कारखान्याचं झालं. रंग बदलला, यंत्रं बदलली, मालक बदलला. आणि कुणी धरलं नाही. कलम ५२ फक्त वाहनांना लागू आहे, कारखान्यांना नाही.

हा सिद्धांत मी घरी मोठ्या उत्साहानं मांडला. बायकोनं शांतपणे भाजीची पिशवी माझ्या हातात दिली.

"बरं झालं. गावात एक जुनी अमेरिकन नवी करून झालीये आणि तिला आपलं पार्किंगही लागत नाही. आता स्कूटर काढा."