किन्हीराजा–दुबई, थेट!

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईचं विमान उडालं, आणि विदर्भातल्या पारापारांवर मागणी थेट दुबईपर्यंत पोचली. मग वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजानेच काय घोडं मारलंय?

हिशोब सोपा आहे. १८० आसनांचं विमान रोज भरायचं तर वर्षाला ६५,७०० माणसं लागतात, आणि तेवढीच परत यायला हवीत. वऱ्हाडी मंडळी मोजली तरी लग्नसराई संपली की पुढे काय? बरं, छोटं एटीआर घ्यावं, तर त्याचं इंधन दुबईआधीच अरबी समुद्रात संपेल. मोठ्याला लांब धावपट्टी हवी. शेजारच्या अकोल्याची शिवणी धावपट्टी १९४३ सालची, जेमतेम चौदाशे मीटर. ती वाढवायच्या बैठका मात्र चांगल्या लांबल्या.

‘आंतरराष्ट्रीय’ पाटीला तसं विमान लागत नाही म्हणा. शिर्डीत ती २०१७ पासून आहे. पहिली कित्येक वर्षं नियमित परदेशी विमानाशिवाय सुखात गेली.

गुवाहाटीहून परदेशी विमानं उडावीत म्हणून आसाम सरकारने रिकाम्या आसनांचा भार उचलायचं ठरवलं होतं. आपल्याकडेही जमेल. रिकाम्या खुर्चीची नुकसानभरपाई पीकविम्यापेक्षा लवकर मिळेल. तिचा पंचनामा करायला चिखलात उतरावं लागत नाही.

तसं नागपूरहून शारजा, दोहाची विमानं आहेत, आणि समृद्धी महामार्ग किन्हीराजाच्याच मालेगाव तालुक्यातून जातो. पण त्या उपायात कुणालाच नारळ फोडायला मिळत नाही.