प्रशिक्षणपटू

सर राहतात अकोल्यात, शाळा दर्यापूर तालुक्यात आणि कागदोपत्री मुक्काम शाळेच्याच गावात. तसा ग्रामसभेचा ठराव आहे. जून लागला की अमरावतीला इंग्रजीच्या प्रशिक्षणाचा आदेश निघतो. आदेशात 'सकाळी ठीक साडेदहा' असतं. सर साडेअकराला पोचतात आणि तरी लवकर आलेले ठरतात, कारण उद्घाटनाचे पाहुणे बाराच्या आत येत नाहीत. हा हिशेब त्यांना कोणी शिकवलेला नाही. नव्वदच्या दशकातल्या 'स्मार्ट पीटी'पासून परवाच्या 'निष्ठा'पर्यंत आधी सतरंजीवर, मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी तो कमावला आहे.

असा प्रशिक्षणपटू प्रत्येक केंद्रात एक तरी सापडतो. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा सर ऐन उमेदीत होते. ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, त्यांनी आता सहा वर्षांच्या लेकरांना इंग्रजी शिकवायचं होतं. तेव्हापासून सरकार दर दोन-चार वर्षांनी सरांचं इंग्रजी दुरुस्तीला काढतं. आधी म्हणाले, व्याकरण नको, नुसतं कानावर पडू द्या. मग म्हणाले, गाणी घ्या, कृती घ्या. मग ज्ञानरचनावाद आला आणि वर्गातली फरशी ऑइलपेंटने रंगून निघाली. ब्रिटिश कौन्सिलच्या साथीने 'तेजस' आलं, तेव्हा शिक्षकांनीच गट करून एकमेकांकडून शिकायचं ठरलं. सरांनी कशालाच नाही म्हटलं नाही. प्रत्येक योजनेचं फोल्डर त्यांच्या घरी आहे. एकात लाइट बिलं असतात, एकात सातबारे, आणि 'निष्ठा'च्या फोल्डरात मुलीचा बायोडाटा.

हॉलमध्ये शिरताच सर खुर्ची निवडतात. कूलरच्या झोतात, दाराजवळ, पण सुलभकाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, थेट नजरेत नाही अशी एकच खुर्ची कुठल्याही हॉलमध्ये असते आणि ती सरांना लांबूनच दिसते. तिथे आधी बसलेल्या नवख्या शिक्षकाला ते एवढंच म्हणतात, "उलसक सरकता काय, भाऊ? मले बीपी हाय." बसल्याबसल्या पहिला प्रश्न: "टीए भेटते काय यंदा?" दुसरा प्रश्न: "जुनी पेन्शन की नवी?" १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला असेल तर सर त्याच्याकडे ज्या मायेने बघतात, तशी माया मी सासरी निघालेल्या मुलीच्या बापाच्या डोळ्यांतही पाहिलेली नाही.

मग पूर्वचाचणी. इथे सरांची खरी हुशारी दिसते. नवखा जीव तोडून पेपर सोडवतो. सर वीसपैकी आठ प्रश्नांना हात लावतात, त्यातले दोन मुद्दाम चुकवतात आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "येडे हा का तुम्ही? आजच अठरा मार्क घेतले तं शेवटच्या दिवशी प्रगती कुठून दाखवसान?" सरांची प्रगती आजवर कधी चुकलेली नाही. प्रशिक्षणाच्या अहवालात पानभर जे उंच गेलेले स्तंभ असतात, ते सरांसारख्यांच्याच खांद्यावर उभे असतात.

पहिल्या दिवशी इंग्रजी असं होतच नाही, परिचय होतो. जोड्या पाडायच्या, दहा मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं आणि मग त्याची ओळख इंग्रजीतून करून द्यायची. त्या दहा मिनिटांत सरांनी वऱ्हाडीतून काढलेली माहिती पोलिसांनाही निघायची नाही. शेजारी अंजनगावचा. वावर सहा एकर, त्यात चार पऱ्हाटी, दोन तूर. भावाशी बांधावरून बोलणं बंद. बदली पती-पत्नीच्या संवर्ग दोनमधून, कारण मॅडम नर्स. मोठ्या पोराला पोरगी पाहणं चालू, आणि सरांच्या साडूच्या नात्यातली एक आहेही. सुपारी फुटायचीच काय ती राहते. तेवढ्यात नाव पुकारतात. सर उठतात, घसा साफ करतात: "ही इज माय फ्रेंड. ही इज टीचर. ही इज व्हेरी गुड. थँक यू." टाळ्या.

यंदाचा सुलभक तरुण, पुण्याकडून शिकून आलेला. त्याने नियम केला की हॉलमध्ये फक्त इंग्रजी. मराठी शब्द आला की डब्यात पाच रुपये. हॉल असा शांत झाला की पत्र्यावरची चिमणी ऐकू यावी. अर्ध्या तासाने सरांनी उठून पन्नासची नोट डब्यात टाकली. "ॲडव्हान्स, सर," ते म्हणाले आणि पुढे मन भरेपर्यंत बोलले. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर पडला, गिनीजमध्ये नोंद झाली. "अन् आमचा प्रेझेंट परफेक्ट पाहा राजेहो, पंचवीस वर्षांपासून नुसता खोदूनच ठेवला हाय!"

हसण्याच्या गडबडीत धारणीच्या एका मॅडम बोलल्या. त्यांच्या पहिलीतली पोरं घरी कोरकू बोलतात. "माझ्या वर्गात मराठीच इंग्रजी आहे," त्या म्हणाल्या, "मग इंग्रजीचं काय करू?" सुलभकाने "गुड पॉइंट" म्हणून पुढची स्लाइड लावली. सरांनी मात्र, कधी नव्हे ते, पेनाचं टोपण काढलं.

जेवणानंतर नमुना पाठ. सगळ्यांनी आपापल्या चपला निरखायला सुरुवात केली, तसे सर स्वतःहून पुढे गेले. धारणीच्या मॅडमना आणि अजून दहा जणांना पहिलीतली पोरं करून समोर बसवलं आणि बजावलं, "तुमाले मराठी येत नाई, समजलं?" मग कूलर बंद केला. काही बोलले नाहीत. मिनिटभरात हॉल तापला, फोल्डरांचे पंखे झाले. सरांनी कपाळाचा घाम बोटाने निपटला, सगळ्यांना दाखवला: "हॉट." पोरं म्हणाली, "हॉट." कूलर चालू. सर डोळे मिटून झोतात उभे: "कोल्ड." पुन्हा बंद. आता एका शब्दावर कूलर मिळेना. "इट इज हॉट" झालं, मग "इट इज व्हेरी हॉट" झालं. मॅडम तर घाम निपटून दाखवत सगळ्यांच्या वर आवाज काढत होत्या. व्याकरण कोणी काढलं नाही, मराठीही कोणाला आठवली नाही. मागे भिंतीला टेकलेल्या सुलभकाचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सर, प्लीज स्विच ऑन द कूलर," तो शेवटी म्हणाला.

सरांनी बटणावरचा हात तसाच ठेवला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "रिपीट!"

साठ माणसं एका सुरात ओरडली.

"लाउडर," सर म्हणाले.