हिट आहे, म्हणून हलकं?

लिंकिन पार्क या बँडचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं? बुलढाण्यात कॉलेजच्या पोट्ट्यांच्या घोळक्यात हा प्रश्न टाकून बघा. पहिला ‘इन दि एंड’ म्हणेल. दुसरा त्याची कीव करेल आणि बाकीच्यांनी न ऐकलेलं एखादं नाव काढेल.

याला जाणकारी म्हणत नाहीत. याला पाठांतर म्हणतात.

जे सगळ्यांना माहीत आहे ते हलकंच असणार, हे कुठल्या शाळेत शिकवतात? तुकोबांचे अभंग सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना हलकं म्हणायची कोणाची छाती आहे?

आपल्या मेहकरचेच ना. घ. देशपांडे घ्या. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताला घराघरांत वाट मिळाली. पुढे नाघंनी ‘कंचनीचा महाल’ लिहिला, १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी लोकांच्या तोंडी राहिली ‘शीळ’च. म्हणून ती कमअस्सल झाली का?

लोकांचे कान इतकेही कच्चे नसतात.

आता उलट बाजू. लिंकिन पार्कचं ‘नम्ब’ यूट्यूबवर दोनशे कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलंय. चाहते हा आकडा तोंडावर फेकतात आणि वाद मिटला असं समजतात. कसा मिटेल? आकड्यावरून गर्दी कळते. गाणं कळायला ऐकावंच लागतं.

तर कसोटी साधी ठेवू. बँड रॅप-रॉकचा. माईक शिनोडा रॅप करणार, चेस्टर बेनिंग्टन गाणार. दोघांपैकी एकाला गाण्यातून वजा करा. गाणं लंगडलं, तर ते खरं रॅप-रॉक. लंगडलं नाही, तर दुसरा नुसता हजेरी लावून गेला.

‘इन दि एंड’ आधी. सुरुवातीला पियानोची छोटीशी सुरावट. मग शिनोडा कडव्यांमध्ये वाया गेलेल्या कष्टांचा हिशेब मांडतो, आवाज न चढवता, एकेक शब्द मोजून. ध्रुवपदात चेस्टर येतो आणि त्याच हिशेबावर टाहो फोडतो. रॅप काढा, टाहो कशासाठी ते कळत नाही. टाहो काढा, उरते नुसती वही.

या कसोटीवर ते शंभर टक्के उतरतं. पण खुद्द चेस्टरला ते आवडलं नव्हतं! अल्बममध्ये नको, असं आपलं मत होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. ‘हायब्रिड थिअरी’ हा बँडचा पहिला अल्बम २००० साली आला, आणि २००२ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. गायक चुकला, ऐकणारे बरोबर निघाले.

याच अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीची अक्कल तर आणखी पुढची. त्यांना शिनोडाचा रॅपच नको होता. त्याला बाजूला सार, असं चेस्टरच्या कानी घातलं गेलं. चेस्टर बधला नाही. गाणं ओळखायला तो चुकला, माणूस ओळखायला चुकला नाही.

‘क्रॉलिंग’? आवाज काळजाला घरं पाडणारा. २००२ चं ग्रॅमी मिळालं, तेही हार्ड रॉकचं. मिळायलाच हवं होतं. पण रॅप कुठाय? शिनोडा मागून साथ देतो तेवढाच. गाणं थोर, रॅप-रॉकचा नमुना म्हणून अपुरं.

‘वन स्टेप क्लोजर’? राग भरपूर. नुसत्या रागावर किती वेळ काढणार?

‘फेंट’ मात्र लोक उगाच विसरतात. २००३ च्या ‘मेटिओरा’तलं, तीन मिनिटांचंही नाही. व्हायोलिनांचा ताफा सुसाट सुटतो, त्याच्यावर शिनोडाचा रॅप, त्याच्या पाठोपाठ चेस्टर. दम घ्यायला जागा नाही आणि एक सेकंद फुकट नाही. लग्नातल्या भाषणांनी इथं शिकवणी लावावी.

आता राहिलं ‘नम्ब’. इथं भांडण पेटतं.

कसोटी लावली तर ‘नम्ब’ नापास. शिनोडाच्या वाट्याला येतात मागून टाकलेल्या थोड्या ओळी. त्या काढल्या तरी गाणं टुणटुणीत राहतं. पुरावा हवा? २००४ साली बँडनं रॅपर जे-झीला सोबत घेऊन ‘नम्ब/एन्कोर’ केलं. जिथं रॅप नव्हता तिथं रॅप आला आणि २००६ मध्ये रॅप-गायनाच्या जोडीचं ग्रॅमी घेऊन गेला. रिकामी जागा होती म्हणूनच भरता आली ना?

मग पोरं ‘नम्ब’ला का चिकटतात?

चिखलीच्या, खामगावच्या अभ्यासिकेत जाऊन बघा. एकाच्या टेबलावर नीटचं पुस्तक, दुसऱ्याच्या तलाठी भरतीचं. कानात इअरफोन. बापानं सोयाबीन विकून फी भरलेली. घरी फोन केला की पहिला प्रश्न एकच, ‘टेस्टमध्ये किती पडले?’ दुसऱ्यानं आखून दिलेल्या साच्यात स्वतःला कोंबता कोंबता बधिर झालेल्या माणसाचं हे गाणं आहे. या पोरांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज आहे?

माझ्या कसोटीवर गाणं नापास होतं. त्या टेबलावर पहिलं येतं. दोन्ही निकाल खरे आहेत.

२० जुलै २०१७ ला चेस्टरनं आयुष्य संपवलं. तेव्हापासून लोक त्याच्या प्रत्येक ओळीत निरोप शोधतात. हे थांबवा. बालपणी झालेले अत्याचार, व्यसन, या सगळ्यावर तो उघडपणे बोलत होता. गाणी त्याच्या झगडण्यातून आली. शेवटावरून झगडा मोजणं अन्याय आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हे दुप्पट जपून बोलावं. आत्महत्येच्या बातम्या इथं कोणाला नव्या आहेत? दुःखाला देखणं म्हणायची चैन इथं परवडत नाही. गाणं सोबत करतं. उपचार डॉक्टरच करतो. सरकारच्या टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे. मित्राला गाण्याची लिंक पाठवता ना? सोबत हाही पाठवा.

आता नेहमीची पेटंट वाक्यं. ‘कसला हा गोंगाट!’ हा वडीलधाऱ्यांचा शेरा. वरातीत डीजेच्या भिंतीपुढे खिडक्यांची तावदानं थरथरतात, तेव्हा हे कान कुठे असतात? तक्रार आवाजाची असेल तर आधी नवरदेवाच्या मामाकडे करा.

‘पोवाडा हाच आपला रॅप,’ हे दुसरं पेटंट वाक्य. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो, रॅपर बहुतेकदा स्वतःची जखम दाखवतो. दोघांचं काम वेगळं. पोवाडा रॅपच्या कुबड्यांशिवाय शेकडो वर्षं उभा आहे.

‘नवी गायिका चेस्टरसारखी नाही,’ हे तिसरं. एमिली आर्मस्ट्राँग २०२४ मध्ये आली, ‘फ्रॉम झीरो’ अल्बम गायली. ती चेस्टरसारखी कशाला असेल? नक्कल करणारा हवा असेल तर ऑर्केस्ट्रे थोडे आहेत का?

जानेवारी २०२६ च्या मुंबईतल्या लोलापालूझा संगीत महोत्सवासाठी या बँडचं नाव जाहीर झालं, तेव्हा गटागटांत मेसेजचा पाऊस पडला. मलकापूर, शेगावहून मुंबईला रेल्वे थेट जाते. गाणं मात्र त्याच रेल्वेनं तिकडून इकडेच का यावं?

दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडनं ढोल आणि गिटार एकत्र बांधलं, हिंदी-इंग्रजीत रॅप केला आणि २०१९ मध्ये जर्मनीचा वाकेन महोत्सव गाठला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘स्वदेशी’ या गटातून मराठीत रॅप करतो. अमरावती आपल्यापासून किती लांब आहे?

पीकविम्याची वाट बघणारं घर, तुटपुंजा भाव, रखडलेली भरती. कडव्यांना विषय कमी आहेत? टाहो फोडायला कारण कमी आहे? वऱ्हाडीचा ठेका तर जन्मापासून जिभेवर आहे. पहिलं गाणं कच्चं निघेल, निघू द्या. लिंकिन पार्कलाही आधी कंपन्यांनी दारातून परत पाठवलं होतं.

तोवर माझा क्रम लिहून घ्या. ‘इन दि एंड’ पहिलं, ‘फेंट’ दुसरं, ‘नम्ब’ तिसरं, ‘क्रॉलिंग’ चौथं. पटत नसेल तर जरूर भांडा. फक्त ‘ते तर सगळ्यांनाच माहीत आहे’ हा मुद्दा घेऊन येऊ नका. तो मुद्दाच नाही.