चॅप्टर ६१ वाले भाऊ

दिवाळीला वडनेर भोलजीत परतणारी माणसे मुंबईहून मिठाई आणतात, फार तर कपडे. न्हावा शेवा बंदरावर क्लिअरिंग एजंटाकडे नोकरी करणारे भाऊ भिंग आणतात.

गाव त्यांना 'कस्टमवाले भाऊ' म्हणते. खरे तर भाऊ कस्टममध्ये नाहीत, कस्टमसमोर कागद धरून उभे असतात. पण लग्न जमेपर्यंत हा फरक कुणाला कळू नये याची काळजी घरच्यांनी वेळीच घेतली होती.

भाऊंचा प्रांत म्हणजे कस्टम टॅरिफचे चॅप्टर ६१, आणि त्यातही बायकांचे कपडे. मराठीने इथे त्यांची पंचाईत करून ठेवली आहे. आपण स्वेटरही विणतो आणि धोतरही विणतो. कस्टमला हे चालत नाही. फाशात फासा गुंतवलेले 'निटेड' ते ६१, मागावरचे 'वोव्हन' ते ६२. म्हणून भाऊ भेटेल त्याची बाही चिमटीत धरून ताणतात. ताणली तर ६१, नाही ताणली तर ६२.

वहिनींचा दोरीवर वाळणारा टॉप त्यांनी असाच पकडला. खडूने दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि भिंगातून टाके मोजायला घेतले. सेंटिमीटरला सरासरी १० पेक्षा कमी टाके भरले, तर तो ६१०६ मधला बायकांचा ब्लाउज-शर्ट राहत नाही. वाऱ्याने टॉप हलायचा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुतणी म्हणाली, "काका, याले खिसा लावून दे म्हनलं तं आई लावत नाही." भाऊ दचकलेच. कमरेखाली खिसा आला की कपडा ६१०६ मधून बाद! बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, यावर एवढे सरकारी उत्तर त्या घरात प्रथमच मिळाले.

पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर आली तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा. आणि काहीच कळेना, तर बाईचा. हा शेवटचा नियम भाऊंचा विशेष लाडका. आबांच्या निळ्या ट्रॅकपँटला इलॅस्टिक होते, नाडी होती. पुढे ना चेन, ना बटण. भाऊंनी निकाल दिला, "६१०४." आबांनी तो नंबर पारावर अभिमानाने सांगितला. ६१०४ म्हणजे बायकांच्या पँटी, हे नातवाने मोबाइलवर शोधून काढेपर्यंत.

"अन् माह्या लुगड्याचा?" आजीने विचारले. लुगडे सुती, म्हणून ५२. साडीला कात्री लागत नाही, तेव्हा ती कपड्यात धरतच नाहीत, कापडात धरतात. आपण जन्मभर कापडच नेसलो, हे आजीला नवे नव्हते.

या आकड्यांवर हसावे तर त्यांच्यावरच शुल्क आणि सवलत ठरते, कधी मालाची वाटही. १७ मे २०२५ ला केंद्राने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले. उरली न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे. त्या आठवड्यात भाऊ आईचाही फोन घेत नव्हते. त्यात २०२० पासून फेसलेस असेसमेंट. माल उरणजवळ पडलेला, तपासणारा अधिकारी चेन्नईत की कुठे, कोण जाणे. चहा पाजायलासुद्धा चेहरा नाही, ही भाऊंची खरी जखम.

गेल्या दिवाळीत वडील ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून हे सगळे ऐकत होते. त्यांनी मूठभर कापूस पुढे केला.

"याचा नंबर कोन्ता?"

"५२०१."

"बाहेरून आला तं ड्युटी किती?"

भाऊंनी भिंग पुसले. "११ टक्के होती. १९ ऑगस्टले काढली. डिसेंबरपरेंत माफ हाये."

"काऊन?"

"गिरन्याईले सस्ता पडाव म्हनून."

वडिलांनी मूठ ढिगात रिकामी केली. नेमका तेव्हाच धाकटा पुतण्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. तिथे ८६ सेंटिमीटरवर भाऊंनी खिळ्याने रेघ मारून ठेवली आहे. तेवढ्या उंचीपर्यंत कस्टमच्या लेखी बाळ, कपडे ६१११. भाऊ एरवी कधी उठत नाहीत इतक्या चपळाईने उठले आणि टेप लावली.

पोरगा ८७ भरला.