दोन हजार क्युसेक आणि एक गांडूळ

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेक म्हणाला, "बाबा, नदी चढलीय. दोन हजार क्युसेक!" मला हसूच आलं. खडकवासला धरणातून एवढं सोडलं तर आमचा पुण्याचा भिडे पूलसुद्धा बुडत नाही. पण कोलोरॅडोतल्या सलायडाजवळची आर्कन्सॉ नदी अरुंद, उतार भलता आणि पाणी परवापर्यंत डोंगरावर बर्फ होऊन पडलेलं. सेकंदाला छप्पन्न हजार लिटर! फ्लाय फिशिंगसाठी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि खडकवासला विसरलो.

अंगात छातीपर्यंत येणारी विजार, वर कमरेला करकचून पट्टा. "पट्टा कशाला रे?" "पडलात तर विजारीत पाणी भरू नये म्हणून." हे त्यानं आईच्या देखत सांगायला नको होतं.

नऊ फुटी काठी फिरवत मी नदीच्या मध्यावर दोर फेकत होतो. लेक ओरडला, "बाबा, मासे तिकडे नाहीत, तुमच्या पायाशी आहेत!" पूर आला की ट्राउट मासे काठाला येतात. गणपतीच्या गर्दीत शहाणी माणसं भिंतीला धरून चालतात, तसे. म्हणजे आल्या आल्या मी त्यांच्यातूनच चालत गेलो होतो.

मग त्यानं डबी उघडली. गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून केलेल्या नाजूक खोट्या माश्या, एकेक दागिन्यासारखी. पण पाणी चहासारखं गढूळ. वर तरंगणारी माशी दिसणार कोणाला? त्या सगळ्या बाजूला सारून त्यानं एक लालभडक, लोकरीसारखा तुकडा गळाला बांधला.

"हे गांडूळ आहे," मी म्हणालो.

"याला सॅन वान वर्म म्हणतात."

लहानपणी राजापुरात उकिरड्यात कुदळ मारली की करवंटीभर गांडुळं फुकट मिळत. इथं काठी, विजार, बूट, परवाना, एवढं करून गाडी गांडुळावरच आली, आणि तेही खोटं. खरं लावलं तर म्हणे तो फ्लाय फिशिंगचा अपमान!

काठापासून दोन हातांवर दोर थबकला. वीतभराहून मोठा ब्राउन ट्राउट, अंगावर तांबडे ठिपके. लेकानं तो पाण्यातल्या पाण्यातच हलकेच सोडवला आणि जाऊ दिला.

"अहो, सोडला?" काठावरून ही. पहिल्या पुराला शेतात चढणीचे मासे धरायला कंदील घेऊन धावणाऱ्या घरातली ती. रात्रीच कोकम भिजत घालून आली होती.

परतीच्या तीन तासांत ती एक अक्षर बोलली नाही. रात्री पानात वरणभात होता. डाव्या बाजूला, लोणच्याच्या जागी, ते लाल गांडूळ. गळासकट.