चाळिशी आणि फोर-के

परवा नवा मोबाइल घ्यायला गेलो. काउंटरवरच्या पोरानं दोन फोन शेजारी ठेवले. एक बावीस हजारांचा, दुसरा सत्तर हजारांचा. मी दोन्ही पडदे खालीवर निरखले. विचारलं, "फरक काय रे?" पोरगा म्हणाला, "काका, हीच तर क्वालिटी! साध्या डोळ्यांना ठिपका दिसतच नाही." न दिसणाऱ्या ठिपक्यांचे अठ्ठेचाळीस हजार जादा मोजून घरी आलो.

2010 साली आयफोन 4 दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी सांगितलं होतं, की फोन दहा-बारा इंचांवर धरला तर इंचाला साधारण तीनशेच्या पुढचे ठिपके माणसाच्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत. त्या फोनात 326 होते. खरं तर विषय तिथंच मिटला. पण विषय मिटला तर धंदा कसला? 2015मध्ये सोनीनं एक्सपीरिया झेड5 प्रीमियम काढला : पडदा साडेपाच इंची, ठिपके इंचाला 806, एकूण ब्याऐंशी लाखांवर. गंमत म्हणजे बॅटरी टिकावी म्हणून फोटो-व्हिडिओ सोडून बाकी सगळं तो साध्या फुल एचडीतच दाखवायचा. वाडा बारा खोल्यांचा, संसार माजघरात!

माझंही तेच. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर अक्षरं होतील तेवढी मोठी केली. आता पडद्यावर जेमतेम चार ओळी मावतात. चष्मा सापडला नाही, की हात ताणून फोन दोन फुटांवर धरतो. अंतर दुप्पट झालं की ठिपके निम्मे पुरतात. म्हणजे मला दीडशे बस्स. जुन्या फोनात त्याहून जास्त होते.

आणि बघायचं काय? मावशीचा शुभ सकाळवाला गुलाब. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट होत होत त्याचा कोबी झालाय. काल सोसायटीची नोटीस आली : झेरॉक्सचा वाकडा फोटो. पाणी पाचला येणार की आठला, कळेना. नव्या पडद्यावर धूसरपणा मात्र लख्ख दिसत होता. शेवटी चष्मा शोधून खाली उतरलो आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं वाचलं. पाच.

तेव्हा वाचकहो, पडदा बदलण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तो फरक दिसतो.