सर, आय केम!

सकाळी सातला फोन वाजला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "सर, आय केम!"

मी लुंगी सावरत दार उघडलं. ओट्यावर कोणी नाही. गल्लीत दूधवाल्याची सायकल, एक गाय आणि समोरच्यांच्या पायरीवर पडलेला पेपर. गाय माझ्याकडे पाहत होती, पण "आय केम" ती म्हणाली नसावी.

"अरे, कुठे आहेस?"

"पारडीले आहो ना सर. आंघोळीचं पाणी काढलं."

"मग 'आय केम' काहून म्हणतोस?"

"मंग काय म्हणू? आलोच ना मी!"

नागपुरात पारडी कुठे, आमचा महाल कुठे! पण पोराचं चुकलं नव्हतं. मराठीत 'आलोच' हा शब्द माणूस जागचा हलण्याआधी म्हणायचा असतो. आईनं हाक मारली की आपण "आलो!" म्हणतो आणि अंथरुणात कूस बदलतो. जे घडायचं आहे ते घडून गेलं असं छातीठोकपणे सांगणारा हा आपला खास भूतकाळ. त्यानं फक्त प्रामाणिकपणे भाषांतर केलं होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या माझ्यासारख्या मास्तरला त्याचा कान धरायचा नैतिक अधिकार नव्हता.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'कम' आणि 'गो' लिहायचे. कम म्हणजे येणे, गो म्हणजे जाणे. एका पोराला दाराशी उभं करायचं, "कम" म्हटलं की तो यायचा, "गो" म्हटलं की जायचा. दहा मिनिटांत दोन क्रियापदं खलास. निवृत्तीनंतर घरीच स्पोकन इंग्लिशची शिकवणी काढली आणि तेव्हा कळलं, की तो पोरगा दारातून आला-गेला तेवढाच. ही दोन क्रियापदं अजून दारातच अडकलेली आहेत.

हा पारडीचा पठ्ठ्या मामाच्या कूलरच्या दुकानात कामाला. त्याला दुबईला जायचं होतं, एसीच्या कामावर. इंग्रजीचा पाया कच्चा, पण नागपुरी पक्की. त्याला समजून घ्यायचं म्हणून मी एक छोटा शब्दकोश केला. नवख्यांच्या सोयीसाठी इथे देतो. 'निघालो' म्हणजे डोळे उघडले. 'आलो' म्हणजे आंघोळीचं पाणी काढलं. 'येऊन राहिलो' म्हणजे तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभा आहे आणि दुसरी प्लेट सांगितली आहे. 'पोचलोच' म्हणजे गाडीला किक मारली. आणि 'येतो ना बावा, काहून घाई करून राहिला?' म्हणजे आज येत नाही.

या 'राहिलो'नं पुण्याचे लोक फार गोंधळतात. माझ्या मेहुण्यानं एकदा पुण्याहून फोन केला, तेव्हा मी म्हणालो, "जेवून राहिलो." तो काळजीनं म्हणाला, "अहो, राहिलात कुठे? घरी नाही गेलात?" त्याच्या मते जेवण झाल्यावर मी कुणाकडे तरी मुक्काम ठोकला होता. वास्तविक इंग्रजीतल्या 'इंग'ला आमच्या 'राहिलो'इतकी चपखल जोड दुसरी नाही. 'आय ॲम कमिंग' म्हणजे 'मी येऊन राहिलो'. दोन्हींत माणूस नक्की कुठवर आला, हे सांगायची सक्ती नाही.

पण येणं आणि जाणं ठरतं कशावरून? यासाठी मी सगळ्या वर्गाला, म्हणजे चार जणांना, झिरो माइलला नेलं. तिथे एक दगडी खांब, उधळलेले चार घोडे आणि 1907 सालचा, ब्रिटिशांच्या मोजणी खात्याचा दगड आहे. खांबावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. देशाचा मध्यबिंदू तो हाच, असं आम्ही नागपूरकर पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे उन्हात उभे असल्यामुळे वाद न घालता मान डोलावतात.

मी म्हणालो, "या खांबासारखा एक झिरो माइल प्रत्येक माणसाच्या पायाखाली असतो. जे त्याच्याकडे सरकतं ते कम, जे दूर सरकतं ते गो. आणि बोलताना आपण कधीकधी आपला खांब उपटून समोरच्याच्या पायाखाली रोवतो. तू सीताबर्डीवर उभा असशील, तर मी फोनवर 'सीताबर्डीवर येतो' म्हणेन. तू तिथे नसशील, तर 'सीताबर्डीवर जातो' म्हणेन. इंग्रजीतही तसंच. तू तिथे असलास तर 'आय ॲम कमिंग', नसलास तर 'आय ॲम गोइंग'. या बाबतीत इंग्रज आणि आपण एकाच मुशीतले."

पारडीकर खांबाकडे बघत म्हणाला, "सर, मंग दुबईच्या साहेबाले काय म्हणू? येतो का जातो?"

"साहेब तिकडे आहे ना? मग 'आय ॲम कमिंग'."

"आन् आईले?"

"आईला 'आय ॲम गोइंग'."

"आई रडन ना सर."

झिरो माइलवर उत्तर सुचलं नाही, म्हणून सगळ्यांना उसाचा रस पाजला.

घरी येऊन विचार करत बसलो. मराठी माणूस एका जागी बसलेला असतो आणि दुनिया त्याच्याकडे येते. राग येतो, झोप येते, हसू येतं, कंटाळा येतो, ताप येतो, आठवण येते, मजा येते. शिकलेली विद्यासुद्धा येते: मला पोहता येतं, मला इंग्रजी येतं. कष्ट मी केले, घोकंपट्टी मी केली, पण व्याकरणात पाहावं तर मी ओट्यावर बसलेला आणि इंग्रजी आपल्या पायांनी आलेलं. असं आलेलं इंग्रजी दुबईच्या इंटरव्ह्यूत साहेबासमोर बसताक्षणी परत जातं, यात नवल काय? पाहुणाच तो.

इंग्रज मात्र बसत नाही. तो शॉपिंगला गो, फिशिंगला गो, स्विमिंगला गो. झोपायलासुद्धा तो 'गोज टू स्लीप', स्वतःच्या पायांनी चालत. आपल्याकडे झोप घरपोच मिळते. मे महिन्यात, नवतपा तापला असताना, कूलरसमोर पडलेल्या नागपूरकराला तर ती दुपारी एकलाच मिळते.

मग इंग्रजीची एक गंमत सापडली आणि मी ती वर्गात ऐटीत मांडली. बिघाडाकडे निघालेल्या माणसाला आणि वस्तूला इंग्रज 'गो' लावतो: गो बॅड, गो मॅड, गो बाल्ड, गो ब्लाइंड. आणि ठिकाणावर परतणाऱ्याला 'कम': ड्रीम्स कम ट्रू, कम अलाइव्ह, कम टू युवर सेन्सेस. "बघा," मी म्हणालो, "मराठीतही तेच. माणूस भानावर येतो, शुद्धीवर येतो, ताळ्यावर येतो, नावारूपाला येतो. आणि वाया जातो, कोमात जातो, रसातळाला जातो. जे आपल्याकडे येतं ते बरं, जे आपल्यापासून जातं ते वाईट."

वर्ग प्रभावित झाला. तीन जणांनी वहीत लिहून घेतलं. चौथा पेन चावत होता.

"सर, मामाचं दुकान डबघाईले आलं."

"अरेरे. केव्हा?"

"तसं नाही जी. 'आलं' म्हणतो ना आपण. मंग चांगलं झालं म्हणाव काय?"

मी चष्मा पुसला. मेटाकुटीला येणे, नाकी नऊ येणे, जिवावर येणे, अंगावर येणे... एकेक वाक्प्रचार रांगेनं डोळ्यांसमोर उभा राहिला आणि माझा सिद्धान्त त्याच रांगेतून मागच्या दारानं गेला. 'काम तडीस गेलं' हे तर मला चिडवायलाच भाषेनं ठेवलं असावं. शेवटी मी मास्तरांचं हुकमी अस्त्र काढलं, "अपवादानं नियम सिद्ध होतो." तेवढ्यात लाईन गेली. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. आणि ती गेल्यावर सगळी गल्ली एकसुरात "गेलीऽऽ" म्हणते, आल्यावर "आलीऽऽ" म्हणते. तास तिथेच संपला. लाईनीचे उपकार.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. कारण सांगताना म्हणाला, "सर, अलार्म वेन्ट ऑफ." मी शाबासकी दिली; अलार्म वाजला हे इंग्रजीत असंच म्हणतात. तो चकित होऊन म्हणाला, "वाजला नाही ना सर! रात्री लाईन गेली, फोन चार्ज झाला नाही, अलार्म ऑफ. दिवा ऑफ गेला म्हणजे विझला ना? मंग अलार्म ऑफ गेला म्हणजे वाजला कसा?" आता दिवा 'गोज ऑफ' तेव्हा विझतो, अलार्म 'गोज ऑफ' तेव्हा बोंबलतो, बॉम्ब 'गोज ऑफ' तेव्हा फुटतो आणि दूध 'गोज ऑफ' तेव्हा नासतं. एकच 'ऑफ', चार कारभार. हे घर चालवणाऱ्या इंग्रज बाईला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आमच्या घरात मात्र जाण्याचं क्रियापदच बंद होतं. माझ्या आजीचा नियम कडक होता: उंबरठ्यावर 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. निघणाऱ्याला 'कुठे' असंही विचारायचं नाही, काम फिसकटतं म्हणे. तिच्या जगात दिवा विझवत नसत, दिव्याला निरोप देत. बांगडी फुटत नसे, वाढत असे. दुकानदार रात्री दुकान बंद करत नसे, वाढवत असे. शब्दाला पाय असतात आणि तो ऐकून खरा होतो, अशी तिची खात्री. इंग्रज 'गो' म्हणतो आणि जातो. आम्ही 'येतो' म्हणतो आणि जातो.

देवादिकांनाही हाच न्याय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाल-इतवारीत मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे पुतळे, म्हणजे बडगे. सगळं गाव रस्त्यावर येऊन ओरडतं: रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत! वर्षभरात उघडपणे 'जा' म्हणायची परवानगी असलेला हा एकच दिवस. वर्षभराचा साठवलेला 'गो' लोक त्या दिवशी घसा फुटेपर्यंत वापरून घेतात. तीनच दिवसांनी गणपती बसतो. त्याला निरोप देताना तेच घसे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात. आता गंमत पाहा. गणपतीला 'या' म्हणतो, तो पुढच्या वर्षी येतो. मारबतीला 'जा' म्हणतो, तीही पुढच्या वर्षी येते, आणि तीन दिवस आधी येते.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका रात्री शब्दांच्या कुळकथा चाळत होतो, आणि आजीचा एक साक्षीदार भेटला. इंग्रजी 'कम' आणि संस्कृत 'गम्' हे दोघे सख्खे भाऊ, एकाच प्राचीन धातूचे. आणि 'गम्' म्हणजे जाणे! त्याच्या आधी 'आ' लावलं की आगमन, नाही लावलं की गमन. आपला 'गेला' त्याच 'गम्'च्या 'गत'पासून आलेला. म्हणजे लंडनमध्ये जो 'कम' दारातून आत येतो, तोच आपल्याकडे 'गेला' होऊन बाहेर पडतो. शिवाय 'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' हा त्याचा स्वतःचा नव्हेच. 'वेन्ड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून उचललेला. आपल्याकडेही 'जा' हा संस्कृत 'या' धातूचा, आणि त्याचा भूतकाळ 'गेला' हा 'गम्'कडून उसना. दोन्ही भाषांत माणूस एकदा गेला की ओळखू येत नाही.

पारडीकराचा व्हिसा आला. जाण्याच्या आदल्या दिवशी तो पेढे घेऊन आला. सहा महिने घोटून घेतलेलं वाक्य त्यानं दारात उभं राहून अगदी साहेबी थाटात म्हटलं, "सर, आय मस्ट बी गोइंग नाऊ." उच्चार शुद्ध, व्याकरण शुद्ध. माझी छाती फुगली.

स्वयंपाकघरातून बायको तरातरा बाहेर आली. "असं म्हणत असतात का रे निघताना? एवढ्या दूर चालला, आणि गोइंग? येतो म्हण!"

तो गडबडला. माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्याकडे पाहिलं. मग त्यानं वाकून तिच्या पाया पडून सांगितलं, "काकू, आय ॲम कमिंग," आणि पायऱ्या उतरून गेला.

"हं," बायको म्हणाली, "आता आलं याला इंग्रजी."

मी लाल पेन शोधत होतो, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते कशाखाली ओढावं हे कळेना. आईलाही त्यानं हेच सांगितलं असणार, आणि झिरो माइलवर मला न सुचलेलं उत्तर बायकोनं पेढ्याचा डबा हातात धरून दिलं होतं.

तर तो आता दुबईत आहे. बरं चाललं आहे. शेवटच्या दोन महिन्यांची फी तेवढी बाकी आहे. मी कधी मागितली नाही, पण पोरगा प्रामाणिक, दर महिन्याला आठवणीनं मेसेज करतो: "सर, फी येऊन राहिली."

शब्दकोश माझाच आहे. मी समजून जातो. फी ठेल्यावर उभी आहे, आणि तिनं दुसरी प्लेट सांगितली आहे.